तांबडा प्रकाश देहांत काय करितो?

तांबड्या दिव्यांचे मुखवटे, पट्टे, टोप्या आणि भिंतीशीं उभ्या करावयाच्या फळ्या यांच्या जाहिराती अलीकडे इतक्या वाढल्या आहेत, कीं घरांतील कोणाचा ना कोणाचा जीव त्यांत गुंतल्यावांचून राहत नाहीं. आजोबांचा गुडघा, सासूबाईंच्या पायाची न भरणारी जखम, सूनबाईंच्या चेहऱ्यावरील वांग, थोरल्याचें टक्कल आणि धाकट्याचा चष्मा, या साऱ्यांवर उपाय एकच, आणि तो म्हणजे दहा मिनिटें दिव्यापुढें बसणें! असें ऐकलें म्हणजे विचारी माणसाच्या मनांत प्रथम अविश्वास उत्पन्न व्हावा, हें स्वाभाविक आहे. परंतु अविश्वास दाखवून मोकळें होणेंही या बाबतींत बरोबर नाहीं. या उपायामागें खरें शास्त्र आहे आणि त्याचा कांहीं भाग मोठमोठ्या इस्पितळांतून वापरांतही आहे. घोटाळा होतो तो एका ठिकाणीं सिद्ध झालेला गुण दुसऱ्या दहा ठिकाणीं वांटला जातो म्हणून. तेव्हां हा प्रकाश देहांत शिरतो कसा, तेथें त्याला कोण अडवितें आणि अडविल्यावर काय घडतें, हें आधीं पाहूं. घरांत कोणती वस्तु आणावी, याचा विचार त्यानंतरचा.

प्रकाशाच्या रसायनाचा एक जुना नियम आहे. ग्रोटहुस नांवाच्या शास्त्रज्ञानें तो १८१७ सालीं मांडला आणि पुढें अमेरिकेंत ड्रेपर यानें स्वतंत्रपणें तोच पुन्हां शोधून काढला. जो प्रकाश पदार्थांत शोषला जातो, तोच त्या पदार्थांत रासायनिक बदल घडवूं शकतो. जो आरपार निघून जातो किंवा पृष्ठभागावरून परत फिरतो, तो कितीही प्रखर असला तरी त्या दृष्टीनें निष्फळ होय. नियम इतका साधा आहे, कीं तो सांगण्याची गरज काय, असें वाटावें. परंतु प्रकाशानें बरें करण्याच्या कोणत्याही पद्धतीस लावून पाहण्याजोगी याहून चांगली कसोटी आम्हांस ठाऊक नाहीं. अमुक रंगाचा प्रकाश देहांतील कोणतें द्रव्य गिळतें, हा पहिला प्रश्न; आणि तो त्या द्रव्यापर्यंत पोंचतो काय, हा दुसरा.

या नियमाचें अगदीं स्वच्छ उदाहरण पुष्कळ कुटुंबांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. नवजात बालकास कावीळ झाली म्हणजे त्याला निळ्या दिव्याखालीं निजवितात. इंग्लंडांत एसेक्स परगण्यांतील रॉचफर्ड येथील इस्पितळांत १९५६ च्या सुमारास वॉर्ड नांवाच्या परिचारिका बाळांना बाहेर उन्हांत नेत असत. उघड्या अंगाचा पिंवळेपणा उतरतो आणि झांकलेल्या भागाचा तसाच राहतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें. आणि त्याच इस्पितळांतील डॉ. क्रेमर व त्यांचे सहकारी यांनीं १९५८ सालीं दिव्यांच्या पाळण्याची पद्धति प्रसिद्ध केली. काविळीचें पिंवळें द्रव्य, ज्यास बिलिरुबिन म्हणतात, तें निळा प्रकाश शोषतें. त्यामुळें त्याच्या रेणूची घडण बदलते आणि मग तें पित्तावाटें व लघवीवाटें सहज बाहेर पडूं शकतें. किंबहुना तें द्रव्य पिंवळें दिसतें, तेंच मुळीं निळा प्रकाश गिळतें म्हणून.

येथें आमच्या कांहीं संस्कृताभिमानी मित्रांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडांतील बाविसाव्या सूक्तांत कावीळ झालेल्या माणसाचा पिंवळेपणा पोपटादि पक्ष्यांच्या ठायीं जावा आणि तांबड्या गाईंच्या वर्णानें त्या माणसास वेढावें, अशी कल्पना आहे. सूक्त सुंदर आहे. परंतु त्यावरून तांबड्या प्रकाशाचा उपचार आपल्या ऋषींस अवगत होता, असें म्हणूं लागणें म्हणजे वेदांचा गौरव करणें खचित नव्हे. काविळीवर चालतो तो निळा किरण. बिलिरुबिन तांबड्या किरणास जवळजवळ शोषीतच नाहीं, त्यामुळें तो तेथें निरुपयोगी आहे. वेदमंत्र वेदमंत्र म्हणून वाचावे. त्यांत दिव्यांचें दुकान शोधूं नये.

आतां तांबड्या प्रकाशाकडे वळूं. अंधाऱ्या खोलींत विजेरी पेटवून तिच्या तोंडावर बोटें घट्ट मिटून धरावीं. विजेरीचा प्रकाश पांढरा असतो, म्हणजे त्यांत सर्व रंग असतात. पण बोटांतून बाहेर येतो तो केवळ तांबडा. जांभळा, निळा, हिरवा हे रंग गेले कोठें? ते रक्तांतील हिमोग्लोबिन या द्रव्यानें आणि कातडीच्या रंगद्रव्यानें गिळले. तांबड्याला मात्र हिमोग्लोबिन फारसें अडवीत नाहीं. याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसते. बोटांत हाडें असूनही त्यांची सावली पडत नाहीं. मांसांत शिरलेला किरण सरळ रेषेंत जात नाहीं. दुधांत उजेड पसरावा तसा तो आडवातिडवा विखुरतो, आणि विखुरतां विखुरतां क्षीण होतो.

प्रकाशाच्या लाटेची लांबी नॅनोमीटरांत मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सुमारें ६०० नॅनोमीटरच्या खालीं हिमोग्लोबिन प्रकाश अडवितें आणि ९५० च्या पलीकडे देहांतील पाणी तो अडवूं लागतें. या दोन भिंतींच्या मधली जागा म्हणजे देहाची खिडकी. डोळ्यांस दिसणारा तांबडा प्रकाश आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश हे या खिडकींतून आंत येतात. करोनाच्या साथींत, २०२० व २०२१ सालीं, घरोघर बोटाला लावावयाची जी चिमटी आली होती, तिचें कार्य याच खिडकीवर चालतें. जपानांतील ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं ती युक्ति शोधून काढली. ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० चा अवरक्त असे दोन किरण बोटांतून पार जातात, आणि त्यांतील किती किती गिळले गेले, यावरून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण कळतें. म्हणजे तांबडा प्रकाश कातडीच्या आंत जातो, याबद्दल शंका घेण्याचें कारण उरत नाहीं. बोट पातळ आहे म्हणून तो पार होतो, एवढें मात्र विसरूं नये. पाठीच्या किंवा मांडीच्या जाड मांसांत तांबडा प्रकाश कांहीं मिलिमीटर जाईपर्यंत बराच ओसरतो. अवरक्त त्याहून थोडा खोल उतरतो.

तांबड्या उपचाराचा इतिहास सांगतांना डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांचें नांव घेण्याची चाल पडली आहे. फिन्सेन यांनीं १८९३ सालीं असें प्रतिपादन केलें होतें, कीं देवीच्या रोग्यास तांबड्या कांचा व तांबडे पडदे असलेल्या खोलींत ठेवावें, म्हणजे व्रण खोल पडत नाहींत. परंतु त्यांचा तर्क तांबडा प्रकाश गुणकारी आहे, असा नव्हता. सूर्यप्रकाशांतील जंबुपार किरणांनीं कातडीचा दाह वाढतो व तांबडा पडदा त्यांस अडवितो, असें त्यांचें म्हणणें होतें. छायाचित्रकार आपल्या अंधाऱ्या खोलींत तांबडा दिवा लावीत असे, तो जसा फोटोच्या कागदावर कांहीं करीत नाहीं म्हणून, तसाच हा प्रकार. देवीवरील तो उपचार पुढें टिकला नाहीं. फिन्सेन यांना १९०३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें दिव्याच्या प्रखर रासायनिक किरणांनीं कातडीचा क्षय बरा करण्याबद्दल. तांबड्या मुखवट्यांच्या पत्रकांवर त्यांचें नांव वाचलें म्हणजे आम्हांस हसूं आल्यावांचून राहत नाहीं.

खरा प्रारंभ बुडापेस्ट येथें झाला. तेथील एंड्रे मेस्टर या शल्यवैद्यांनीं १९६७ सालीं उंदरांच्या पाठीचे केस काढून त्यांवर माणकाच्या लेसरचा तांबडा झोत सोडला. या झोतानें कर्करोग होतो काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. झोत दुर्बळ होता. कर्करोग कांहीं झाला नाहीं. उलट ज्या उंदरांवर झोत सोडला होता, त्यांचे केस इतरांपेक्षां लवकर वाढले. यावरून मेस्टर जखमांकडे वळले, आणि पुढें न भरणाऱ्या पायांच्या व्रणांवर त्यांनीं हा प्रकाश वापरला. त्या काळीं लेसरचाच गुण असावा, असें वाटे. पुढें साध्या एलईडी दिव्यांनींही तोच परिणाम दिसूं लागला. या दिव्यांची कथा मौजेची आहे. अंतराळयानांत वनस्पति वाढविण्यासाठीं अमेरिकेंत असे दिवे तयार केले होते. १९९५ सालीं कोलंबिया यानांत त्यांच्याखालीं बटाट्यांची वाढ करून पाहण्यांत आली. विस्कॉन्सिन येथील डॉ. हॅरी व्हीलन यांनीं तेच तंत्र जखमांवर लावून पाहिलें.

परंतु उंदराचे केस वाढले म्हणून कारण कळत नाहीं. देहांत तो प्रकाश गिळणारें द्रव्य कोणतें? त्याचें उत्तर पेशींच्या आंत शोधावें लागतें. आपल्या बहुतेक प्रत्येक पेशींत तंतुकणिका नांवाचे अतिसूक्ष्म कारखाने असतात. अन्नांतून आलेलें इंधन आणि श्वासांतून आलेला प्राणवायु यांच्या योगानें तेथें एटीपी नांवाचें द्रव्य तयार होतें. देहाचा सर्व व्यवहार याच नाण्यावर चालतो, आणि हें नाणें खर्चून पुन्हां पाडण्याचें काम अखंड चालू असतें. या कारखान्याच्या शेवटच्या टप्प्यावर एक विकर बसलेलें आहे. सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हें त्याचें नांव. आपण घेतलेला प्राणवायु अखेर याच्या हातीं पडतो व त्याचें पाणी होतें. या विकरांत लोहाचे व तांब्याचे अणु असतात, आणि त्या धातूंमुळें तें तांबडा व अवरक्त प्रकाश शोषूं शकतें. आपल्या भाषेंत तांबडा हा शब्द ताम्रावरूनच आला; तांबड्या प्रकाशास ओळखणारें द्रव्य तांब्याचें निघावें, हा केवळ शब्दांचा योगायोग आहे, पण गोड आहे.

या विकराचा आणि प्रकाशाचा संबंध अचानक सुचलेला नाहीं. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनीं १९२० नंतरच्या दशकांत पाहिलें होतें, कीं कोळशाच्या विषारी धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूनें पेशींचा श्वास कोंडला जातो आणि त्यांवर प्रकाश टाकला कीं तो पुन्हां चालूं लागतो. विकराच्या मानगुटीस बसलेला तो वायु प्रकाशाच्या धक्क्यानें सुटतो. कोणत्या रंगाचा प्रकाश किती सोडवितो, हें मोजून वारबुर्ग यांनीं त्या विकराची जात ओळखली. १९३१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तांबड्या उपचाराविषयीं आज जी उपपत्ति पुष्कळांना मान्य आहे, ती याच चालीची आहे. आजारी, दमलेल्या किंवा रक्तपुरवठा कमी पडलेल्या पेशींत नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु देहांतच उत्पन्न होऊन त्याच विकराला चिकटतो व प्राणवायूची जागा अडवितो. प्रकाश पडला कीं तो सुटतो. विकर मोकळें होऊन पुन्हां कामास लागतें आणि एटीपी वाढतें. सुटलेला वायुही फुकट जात नाहीं. त्यानें जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. शिवाय प्राणवायूचीं कांहीं तिखट रूपें अल्प प्रमाणांत तयार होऊन तीं पेशींच्या गाभ्यास निरोप पोंचवितात. त्या निरोपानें दुरुस्तीचीं जनुकें जागीं होतात. प्रकाश मिनिटांचा आणि परिणाम दिवसांचा, याचें कारण हें.

मॉस्कोजवळ ट्रॉइत्स्क येथें काम करणाऱ्या टीना कारू या विदुषींनीं पेशींवर निरनिराळ्या रंगांचे किरण टाकून कोणत्या लांबीला वाढ अधिक होते, याचे आलेख काढले. त्यांचे उंचवटे ६२० व ६८० आणि अवरक्तांत ७६० व ८२० नॅनोमीटरच्या आसपास आले, आणि ते या विकराच्या शोषणाशीं जुळले. उपपत्तीचा मुख्य आधार तो. तथापि येथें पूर्णविराम देतां येत नाहीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत ज्या पेशींत हें विकरच नव्हतें, त्याही तांबड्या प्रकाशानें वाढल्या. म्हणजे प्रकाश गिळणारें आणखी कोणी तरी पेशींत आहे. कांहींजण पेशीच्या पडद्यांतील दारांकडे बोट दाखवितात, कांहीं तंतुकणिकांच्या भोंवतालच्या पाण्याकडे. ज्या पत्रकांत ही सर्व क्रिया निर्विवाद सिद्ध झाल्याचें लिहिलेलें असतें, तें पत्रक लिहिणाऱ्यानें हा वाद वाचलेला नसतो.

मात्र कारण पूर्ण कळलें नाहीं म्हणून गुण खोटा ठरत नाहीं. गुण पाहावयाचा तो रोग्यांवरील तुलनेनें. आणि त्यांत सर्वांत भक्कम उदाहरण आपल्याच देशास फार जवळचें आहे. तंबाखूच्या पायीं आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचा सुळसुळाट आहे. त्यावर किरणोत्सर्गाचे व औषधांचे उपचार चालू असतां तोंडाचें आंतील अस्तर सोलून निघतें. रोग्यास पाणी गिळतां येत नाहीं, मॉर्फिन द्यावें लागतें, कधीं उपचारच थांबवावे लागतात. मणिपाळ येथें २२१ रोग्यांवर केलेला प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. कोणास खरा लेसर मिळतो आणि कोणास नुसतें सोंग, हें रोग्यांपासून गुप्त ठेवलेलें होतें. ज्यांस खरा ६३२.८ नॅनोमीटरचा प्रकाश मिळाला, त्यांच्यांत तीव्र व्रण, वेदना व वेदनाशामकांची गरज हीं स्पष्टपणें कमी झालीं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनें २०१८ सालीं या उपचारास अनुकूल मत दिलें, आणि २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही त्याची शिफारस आहे. येथेंच यश कां यावें, हेंही आपल्या दोन प्रश्नांवरून कळतें. तोंडाचें अस्तर पातळ व ओलें, त्यावर रंगद्रव्य थोडें. प्रकाश नेमका हव्या त्या पेशींवर पडतो आणि मात्रा मोजून दिली जाते. ज्या घरांत असा रोगी आहे, त्यांनीं उपचार सुरू होण्यापूर्वींच आपल्या डॉक्टरांपाशीं हा विषय काढावा. व्रण पडण्याच्या आधींपासून प्रकाश दिला तर त्याचा उपयोग अधिक.

गुडघ्यांची गोष्ट याहून मध्यम. २०१९ सालीं २२ प्रयोगांचा एकत्र विचार करणारा निबंध प्रसिद्ध झाला. शिफारस केलेली मात्रा जेथें पाळली होती तेथें दुखणें कमी झालें. जेथें पाळली नव्हती तेथें सोंगापेक्षां निराळा परिणाम दिसला नाहीं. केसांच्या लेसर कंगव्यास अमेरिकेंत २००७ सालीं विक्रीची परवानगी मिळाली; केस कांहींसे दाट होतात, पण ज्या जागेचीं मुळें गेलीं तेथें कांहीं उगवत नाहीं. वांगाविषयीं आम्ही सावधच राहूं, कारण उष्णतेनें वांग वाढतें आणि पुष्कळ दिवे गरम होतात. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेवर आशादायक लहान प्रयोग आहेत. परंतु जखम काळी पडत असतां घरीं दिवा लावून चार दिवस वाट पाहणें, हें पाय गमावण्याचें साधन आहे. त्या माणसास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें.

मात्रेविषयीं थोडें गणित अवश्य करावें. यंत्र दर चौरस सेंटिमीटरास २० मिलिवॅट देत असेल आणि आपण ५ मिनिटें, म्हणजे ३०० सेकंद बसलों, तर ६,००० मिलिज्यूल, म्हणजे ६ ज्यूल होतात. कातडीसाठीं वापरल्या जाणाऱ्या मात्रा बहुधा १ ते १० ज्यूलांच्या दरम्यान असतात. त्याहून फार कमी दिली तर कांहीं होत नाहीं आणि फार अधिक दिली तर झालेला गुण जातो, कधीं उलट परिणाम होतो. प्रयोगशाळेंत हें वारंवार दिसलें आहे. तेव्हां दहा मिनिटांनीं बरें वाटलें म्हणून तासभर बसणाऱ्याचें नुकसानच होतें. ज्या खोक्यावर मिलिवॅटचा आंकडा नाहीं, किंवा तो कोणत्या अंतरावर मोजला हें लिहिलेलें नाहीं, त्या यंत्राची मात्रा ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. सांवळ्या वर्णाच्या माणसांत कातडीचें रंगद्रव्य या प्रकाशाचा कांहीं भाग वाटेंतच गिळतें व त्याची उष्णता करतें. गोऱ्या लोकांवर ठरविलेला आंकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडेल, असें धरूं नये. तुलनेसाठीं म्हणून सांगतों, निरभ्र आकाशांतील माध्यान्हीच्या उन्हांत दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १०० मिलिवॅट असतात आणि त्यांतील एकतृतीयांश याच खिडकींतले; म्हणजे वरील ६ ज्यूल तीन मिनिटांत अंगणांत मिळतात. त्यांबरोबर उष्णता व जंबुपार किरणही येतात, हा दोष आहेच, आणि म्हणून जखमेवर ऊन घ्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हजारो रुपयांचें यंत्र तेवढेंही देत नसेल, तर तें काय करणार?

आतां डोळे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत ग्लेन जेफरी यांनीं २०२१ सालीं ३४ ते ७० वर्षांच्या २० माणसांस सकाळीं ३ मिनिटें ६७० नॅनोमीटरचा अगदीं मंद प्रकाश दाखविला, तेव्हां त्यांची रंग ओळखण्याची शक्ति सरासरीनें शेंकडा १७ वाढली. या बातमीनें पुष्कळांस वाटूं लागलें, कीं तांबडा दिवा डोळ्यांस अमृत. परंतु चीनमध्यें मुलांचा लघुदृष्टीचा चष्मा वाढूं नये म्हणून ६५० नॅनोमीटरच्या यंत्रांत दिवसांतून दोनदां तीन तीन मिनिटें पाहावयास लावीत. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या २६४ मुलांवरील प्रयोगांत डोळ्याची लांबी एका वर्षांत ०.१३ मिलिमीटर वाढली, तर तो उपचार न घेणाऱ्यांत ०.३८. फळ मोठें होतें. यंत्रें घरोघर गेलीं. पुढच्याच वर्षीं बारा वर्षांच्या एका मुलीच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांस पांच महिन्यांच्या उपचारानंतर इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. १ जुलै २०२४ पासून चीन सरकारनें हीं यंत्रें वैद्यकीय साधनांच्या सर्वांत कडक वर्गांत घातलीं. नेत्रवैद्याच्या सल्ल्यावांचून नातवंडांस कोणत्याही तांबड्या यंत्रांत डोकावूं देऊं नये.

अवरक्त दिव्याचा धोका याहून फसवा आहे. तांबडा दिवा प्रखर वाटला म्हणजे बाहुली आपोआप आकसते, आपण पापण्या मिटतों. ८५० नॅनोमीटरचा दिवा डोळ्यास जवळजवळ दिसतच नाहीं. बाहुली मोठी राहते आणि प्रकाश सरळ आंत जातो. दिवा बंद आहे असें समजून मूल त्याकडे टक लावून बसतें. अशा वेळीं मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून दिव्याकडे पाहावें. तो पेटलेला असेल तर पडद्यावर फिकट जांभळट ठिपके दिसतात. दूरदर्शन संचाच्या रिमोटवर हा प्रयोग आधीं करून पाहिला, म्हणजे आपल्या कॅमेऱ्यास हे किरण दिसतात कीं नाहीं, तें कळतें.